ऊर्जापर्यायांचे मूल्यमापन आणि विद्यापीठीय संशोधनाची भूमिका : मावळ-लोणावळा परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

मावळ तालुक्यातील पावसाचे पाणी घाटाखाली सोडून त्यापासून वीज निर्माण करण्याच्या योजनेची पायाभरणी ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्याजवळ वलवण येथे मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते झाली. त्यानंतर ११२ वर्षांनी, २०२३ मध्ये, याच डोंगरांसंबंधी राज्य शासनाने दोन नवे सामंजस्य करार केले. जून २०२३ मधील टॉरेंट पॉवर कंपनीबरोबरच्या करारात कर्जत (३,००० मेगावॅट), जुन्नर (१,५०० मेगावॅट) आणि मावळ (१,२०० मेगावॅट) अशी तीन ठिकाणे आहेत. ऑगस्ट २०२३ मधील टाटा पॉवर कंपनीबरोबरच्या करारात शिरोता (१,८०० मेगावॅट) आणि भिवपुरी (१,००० मेगावॅट) ही दोन ठिकाणे आहेत. हे पाचही प्रकल्प उदंचन जलविद्युत प्रकारचे आहेत. वीज मुबलक असते त्या वेळी खालच्या जलाशयातील पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि मागणी वाढते त्या वेळी ते पुन्हा खाली सोडून वीज मिळवायची, अशी ही पद्धत आहे.

असा प्रकल्प चांगला की वाईट, हा प्रश्न चर्चेत लगेच विचारला जातो. परंतु त्याआधी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे : चांगला किंवा वाईट कशाच्या तुलनेत, कोणाच्या हिशेबाने आणि दिवसाच्या कोणत्या तासाला? ऊर्जापर्यायांच्या मूल्यमापनात विद्यापीठीय संशोधनाचे काम येथे सुरू होते. कंपनी आपल्या नफ्यातोट्याचा हिशेब करतेच, शासन आपल्या लक्ष्यांचा करते. हिशेबाची चौकट कोठे आखावी, तिच्या बाहेर काय राहून गेले आणि आत धरलेले आकडे कोणी, केव्हा, कसे मोजले, हे तपासण्याचे काम मात्र ज्याला त्या निर्णयातून काही मिळवायचे नाही अशा संस्थेनेच करावयास हवे. मावळ-लोणावळा परिसराचा गेल्या शतकाचा अनुभव या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. लेख प्रसिद्ध माहितीवर आधारलेला आहे. आकडेमोड प्रस्तुत लेखकाची असून ती स्थूल स्वरूपाची आहे.

एक घनमीटर पाण्याचा हिशेब

खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले. लोणावळा, वलवण आणि शिरोता या जलाशयांचे पाणी त्याला मिळते. आंद्रा नदीवरील ठोकळवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरीचे वीजगृह १९२२ मध्ये, तर शेजारच्या मुळशी तालुक्यातील मुळशी धरणाच्या पाण्यावर भिरा येथील वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. आज त्यांची क्षमता अनुक्रमे ७२, ७५ आणि ३०० मेगावॅट, म्हणजे एकूण ४४७ मेगावॅट आहे. भिऱ्याच्या ३०० मेगावॅटपैकी १५० मेगावॅटचा संच उदंचन पद्धतीचा आहे. तेव्हा उदंचन ही या डोंगररांगेला अगदीच नवी गोष्ट नाही.

इंद्रायणी, आंद्रा आणि मुळा या नद्यांचे पाणी स्वाभाविकपणे पूर्वेकडे भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळते. ते पश्चिमेकडे वळविण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, मर्यादा घातली. टाटा जलविद्युत योजनांसाठी कोणत्याही एका वर्षात ५४.५ अब्ज घनफूट आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ अब्ज घनफूट यांपेक्षा अधिक पाणी वळवता येत नाही. म्हणजे वर्षाची सरासरी ४२.४ अब्ज घनफूट, सुमारे १२० कोटी घनमीटर.

घाटमाथा आणि वीजगृह यांच्या उंचीत साधारण ५०० मीटरचे अंतर आहे. एक घनमीटर पाणी ५०० मीटर खाली आले की त्यातून सैद्धांतिकदृष्ट्या १.३६ युनिट ऊर्जा मिळते. जलवाहिनी, चक्की आणि जनित्र यांतील घट वजा जाता हाती साधारण १.२ युनिट राहतात. एक हजार लिटर पाणी म्हणजे एका छोट्या घराच्या एका संध्याकाळचे दिवे आणि पंखे, एवढेच. १२० कोटी घनमीटरचे मिळून मात्र वर्षाला सुमारे १४० कोटी युनिट होतात.

या १४० कोटी युनिटांना पर्याय कोणता? महाराष्ट्रात एक मेगावॅट सौरप्रकल्प वर्षाला साधारण १६ लाख युनिट देतो. तेव्हा सुमारे ९०० मेगावॅटचे सौरप्रकल्प तेवढीच वीज देतील. त्यांना एका मेगावॅटमागे चार ते पाच एकर या हिशेबाने साडेतीन ते साडेचार हजार एकर जमीन लागेल. येथे हिशेब थांबवला तर निष्कर्ष सोपा वाटतो : सौरप्रकल्प उभारा, पाणी पूर्वेकडे सोडा. परंतु ४४७ मेगावॅट क्षमतेची यंत्रे वर्षभर अखंड चालली असती तर सुमारे ३९० कोटी युनिट मिळाले असते. प्रत्यक्षात पाणी १४० कोटी युनिटांपुरते आहे. म्हणजे ही यंत्रे सरासरीने एक-तृतीयांश काळच पूर्ण क्षमतेने चालू शकतात. तो काळ कोणता हे निवडण्याची मुभा हेच त्यांचे खरे मोल आहे. सायंकाळी सूर्य मावळल्यानंतर मुंबईची मागणी टिकून असते, तेव्हा सौरफलकाचे युनिट उपलब्ध नसते. सायंकाळचे युनिट आणि दुपारचे युनिट या दोन भिन्न वस्तू आहेत. त्यांना एकाच दराने तोलणे म्हणजे धान्य आणि भुसा एकाच मापाने मोजण्यासारखे आहे.

आता दुसरी बाजू. हेच १२० कोटी घनमीटर पाणी भीमेच्या खोऱ्यात राहिले तर? उजनी धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट आहे. वळविले जाणारे पाणी तिच्या एक-तृतीयांशाहून अधिक भरते. सोलापूर जिल्ह्यातून या पाण्याची मागणी वारंवार का होते, हे यावरून कळते. हेक्टरी ५,००० घनमीटर पाणी पुरेल अशी पिके घेतली, तर वहनातील गळती सोडून देऊन, ते २ लाख ४० हजार हेक्टरांना पुरेल. ऊस घेतला आणि हेक्टरी २०,००० घनमीटर धरले, तर ६० हजार हेक्टरांनाच पुरेल. मूळ प्रश्न विजेचा असला तरी उत्तर पीकपद्धतीवर अवलंबून राहते, ते असे. शिवाय नदीपात्रातील पाणी शेतापर्यंत उपसून न्यायला पुन्हा वीज लागते. ती या पर्यायाच्या खर्चाच्या बाजूला लिहावी लागेल.

घाटाखाली गेलेले पाणी वीज देऊन संपत नाही, हेही अनेकदा विसरले जाते. खोपोलीचे पाणी पाताळगंगेत, भिवपुरीचे उल्हास नदीत आणि भिऱ्याचे कुंडलिकेत उतरते. या नद्यांना उन्हाळ्यात जे पाणी असते त्यात वीजगृहांतून सुटलेल्या पाण्याचा मोठा भाग आहे. उल्हासच्या काठची शहरे, रसायनी आणि रोह्याच्या औद्योगिक वसाहती, कोलाडचा नौकाविहार असे सगळे त्यावर उभे आहे. पाणी पूर्वेकडे राखावयाचे तर या सर्वांना दुसरे पाणी कोठून आणि किती खर्चाने द्यावयाचे, याचे उत्तर त्याच कागदावर असले पाहिजे. वीज अभियांत्रिकी, जलविज्ञान, कृषी अर्थशास्त्र आणि नगर नियोजन या चार विषयांचे अभ्यासक एका टेबलाशी बसल्याखेरीज हा कागद पूर्ण होत नाही. विद्यापीठात हे चारही विभाग असतात. मात्र ते बहुधा वेगवेगळ्या इमारतींत असतात.

पिंपळे सौदागर आणि मुळशी

संशोधन कोणत्या वेळी होते यावर त्याचा उपयोग ठरतो. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर आणि शेतोशेत पाहणी केली व तिच्यावरील ग्रंथ १९१७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रीय ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. जमिनीची मालकी, तिचे तुकडे, पिकांचे उत्पन्न, कर्जाचा बोजा, मजुरी अशा सर्व बाबींची नोंद त्यात आहे. मान यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासमवेत केलेला दुसऱ्या गावाचा अभ्यास १९२१ मध्ये आला. एका गावाची अर्थव्यवस्था कशी मोजावी याची रीत त्या वेळी पुण्यात तयार होती.

त्याच १९२१ साली पुण्याच्या पश्चिमेस मुळशी पेट्यात धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते होते. लढा १९२४ पर्यंत चालला, पन्नासहून अधिक गावांना धरणाची झळ बसली आणि धरण झालेच. जमिनी भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्याने घेण्यात आल्या. त्या कायद्याची दृष्टी मालकी हक्काची व बाजारभावाची होती. कसणारा कूळ, गुरे चारणारा, रानातील हिरडा वेचणारा यांच्या जगण्याची किंमत त्यात कशी बसणार? मान यांच्या पाहणीतील रकाने आणि भूसंपादनाच्या तक्त्यातील रकाने शेजारी ठेवले, तर विद्यापीठीय मोजमाप आणि शासकीय मोजमाप यांतील अंतर स्पष्ट दिसते.

मुळशी सत्याग्रहाचा सविस्तर अभ्यास पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी केला. त्यांचा इंग्रजी ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सावकार, जमीनदार आणि प्रत्यक्ष कसणारे मावळे यांचे हितसंबंध एक नव्हते, ‘शेतकरी’ या एका शब्दाखाली ते झाकले गेले होते, हे त्यातून समोर येते. हे काम मोलाचे आहे यात शंका नाही. परंतु धरणाचा निर्णय आणि त्याचे असे विश्लेषण यांत जवळपास नऊ दशके गेली. इतिहासलेखनाला हा विलंब चालतो, मूल्यमापनाला चालत नाही.

तुलनेची रीत

पर्यायांची तुलना करण्याच्या दोन रीती आपल्याकडील संशोधनातून पुढे आल्या. पहिली धनंजयराव गाडगीळ यांची. गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या अभ्यासात त्यांनी सिंचनाचे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ मोजण्याचा प्रयत्न केला. प्रकल्पाच्या ‘आधी’ व ‘नंतर’ची स्थिती ताडून पाहिली, तर प्रकल्प नसतानाही झालेला बदल त्याच्याच नावावर जमा होतो. म्हणून प्रकल्प ‘असताना’ आणि ‘नसताना’ असा भेद करावा लागतो. हा भेद वरवर किरकोळ वाटतो. परंतु द्रुतगती मार्गाने आणि बंगल्यांच्या वसाहतींनी जमिनीचे भाव बदलून टाकलेल्या मावळात तो न केल्यास कोणताही निष्कर्ष काढता येईल.

दुसरी रीत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. अमूल्य रेड्डी यांची. कर्नाटकाच्या दीर्घकालीन वीज नियोजनासाठी नेमलेल्या शासकीय समितीने १९८७ मध्ये भविष्यातील मागणीचे मोठे आकडे दिले होते. रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागणीची उलटी मांडणी केली. लोकांना युनिट नको असतात. उजेड, शिजलेले अन्न, उपसलेले पाणी हवे असते. या सेवांपासून सुरुवात करून, कार्यक्षम उपकरणे गृहीत धरून त्यांनी १९९१ मध्ये जो आराखडा मांडला, त्याची विजेची गरज शासकीय अंदाजाच्या सुमारे ३८ टक्के एवढीच होती. न वापरलेली वीज हाही एक पर्याय म्हणून यादीत आला, हे त्या संशोधनाचे मोठे योगदान होय.

महाराष्ट्रात असा प्रसंग दाभोळ प्रकल्पाच्या निमित्ताने आला. राज्य वीज मंडळाने १९९३ मध्ये वीजखरेदी करार केला. त्याचे तांत्रिक-आर्थिक विश्लेषण १९९५ मध्ये मांडले ते पुण्याच्या ‘प्रयास’ या स्वयंसेवी संस्थेच्या गिरीश संत, शंतनु दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी. प्रकल्पाची वीज १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००१ मध्ये मंडळाने ती घेणे थांबवले. त्याच वर्षी माधव गोडबोले समितीनेही कराराची कठोर चिकित्सा केली. पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरात हे विश्लेषण विद्यापीठाबाहेरच्या तीन अभ्यासकांनी करावे, ही बाब आपणा अध्यापकांना थोडी अस्वस्थ करणारी आहे. करारातील सूत्रे समजून घेण्यासाठी लागणारे गणित पदवीच्या अभ्यासक्रमाबाहेरचे नव्हते. अपुरे पडले ते धाडस आणि कागदपत्रे मिळवण्याची चिकाटी.

‘स्वच्छ’ या विशेषणाची तपासणी

कोळशाला पर्याय म्हणून जे येते ते आपोआप निर्दोष ठरत नाही. मावळ व खेड तालुक्यांच्या हद्दीवरील, भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरावर सुमारे ११३ मेगावॅटचा पवनऊर्जा प्रकल्प उभारण्यासाठी सुमारे १९४ हेक्टर वनजमीन देण्यात आली. प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये सादर केलेल्या अहवालात या प्रकल्पाची दखल घेतली आहे. डोंगर तोडून केलेले निकृष्ट व तीव्र उताराचे रस्ते, त्यांमुळे कोसळलेल्या दरडी, शेतांत आणि जलाशयांकडे वाहून आलेला राडारोडा अशा बाबी त्या गटाने नोंदवल्या. पवनचक्की स्वतः धूर सोडत नाही. तिचे अवजड भाग डोंगरमाथ्यावर नेणारा रस्ता मात्र सदाहरित जंगलातून जातो आणि घाटमाथ्याच्या पावसात त्याची माती टिकत नाही. या ठिकाणी एका युनिटमागे किती टन माती वाहून गेली, हा आकडा हिशेबात कधी आलाच नाही. भूगोल विभागाला तो काढता येण्यासारखा आहे.

उदंचन प्रकल्प आणि आत्ताच करावयाच्या नोंदी

आता २०२३ च्या करारांकडे पाहू. १,२०० मेगावॅटचा प्रकल्प दररोज सहा तास चालवायचा तर ७२ लाख युनिट साठवावे लागतील. उंचीतील अंतर ५०० मीटर धरले तर त्याला सुमारे ६० लाख घनमीटर, म्हणजे ०.२१ अब्ज घनफूट पाणी पुरते. वळविल्या जाणाऱ्या ४२.४ अब्ज घनफुटांपुढे हे अगदी थोडे आहे. तेच पाणी वरखाली फिरत राहते, बाष्पीभवनाची भर तेवढी घालावी लागते. म्हणजे मुळशीच्या काळातील बुडिताचा प्रश्न त्याच प्रमाणात येथे नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. प्रश्न जागेचा आहे. सरासरी २० मीटर खोलीचा जलाशय ३० हेक्टरांत मावतो; पण ते ३० हेक्टर पठारावरील सडा आहेत, देवराई आहे, की खालच्या वाड्यांच्या झऱ्यांचे उगम तेथे आहेत? बोगद्यासाठी कातळ फोडल्यावर बसाल्टच्या थरांमधून वाहणारे भूजल दिशा बदलते काय? मार्च-एप्रिलमध्ये हंड्यात पाणी येते की नाही, हे या उत्तरावर ठरते.

दुसरी बाब ऊर्जेची. पाणी चढवताना १०० युनिट खर्च झाले तर परत साधारण ७५ ते ८० मिळतात. चढवण्याची वीज दुपारच्या सौरप्रकल्पांची असेल तर ही घट सोसण्यासारखी आहे. कोळशाची असेल तर प्रदूषण वाढेल. याच कामाला बॅटरी हा स्पर्धक पर्याय आता उभा आहे. २०२४-२५ मध्ये देशातील बॅटरी साठवणुकीच्या निविदांचे दर वेगाने उतरले. धरण व बोगदे अनेक दशके टिकतात, बॅटरी त्याहून लवकर बदलावी लागते. मात्र ती उपकेंद्राच्या आवारात बसते, तिला डोंगर लागत नाही. कोणता पर्याय स्वस्त, हे व्याजदर आणि आयुर्मान काय धरले यावर ठरते. ती गृहीतके बदलून निष्कर्ष किती हलतो हे दाखवणे, हे अर्थशास्त्राच्या एखाद्या संशोधन-प्रबंधाचे काम आहे.

कायद्याने पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास होतोच, असे यावर म्हटले जाईल. तो होतो; पण सल्लागार प्रकल्पकर्ताच नेमतो, पाहणी मोजक्या ऋतूंपुरती असते आणि मराठीत बहुधा सारांशच मिळतो. आंदर मावळातील शेतकऱ्याने जनसुनावणीत त्या सारांशाच्या आधारे प्रश्न विचारावेत ही अपेक्षा न्याय्य नाही. पाण्याचा प्रश्न या तालुक्यात किती नाजूक आहे हे ९ ऑगस्ट २०११ रोजी दिसले. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला जाणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. आकडे दोन्ही बाजूंना विश्वसनीय वाटतील अशी तिसरी जागा असती तर हे टळले असते, असा दावा करता येणार नाही. परंतु अशी जागा या तालुक्यात असणे गरजेचे आहे.

ती कशी निर्माण होते याचे उदाहरण तालुक्यातच आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वडगाव मावळ येथील संशोधन केंद्राने १९८७ मध्ये इंद्रायणी हा भाताचा वाण दिला. तो आज पुण्या-मुंबईच्या घरोघरी पोचला आहे. त्यामागे एकाच खाचरात हंगामामागून हंगाम केलेल्या नोंदी आहेत. ऊर्जेच्या प्रश्नाला तेवढाच काळ आणि तोच कंटाळवाणा नेम लागेल. साधने फारशी नकोत. पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास हा विषय अनिवार्य आहे आणि त्यासाठी प्रकल्पवही द्यावी लागते. जलप्रदूषणावरील त्याच त्या मजकुराच्या वह्या दरवर्षी तपासणाऱ्या अध्यापकांना त्याविषयी अधिक सांगणे नको. त्याऐवजी नाणे, आंदर आणि पवन मावळातील विद्यार्थ्यांनी आपापल्या वाडीचा झरा निवडावा. बादली भरायला किती सेकंद लागतात ते दर पंधरवड्याला लिहावे. घरात सरपण, गॅस आणि वीज किती लागते याची नोंद ठेवावी. सड्यावरील चराई, भाताची खाचरे, विहिरींची पातळी यांची गावनिहाय यादी करावी. भूगर्भशास्त्राच्या जाणकाराने मोजणीची रीत एकदा तपासून द्यावी आणि विद्यापीठाच्या ऊर्जा अभ्यास विभागाने आकडेवारीचा साचा ठरवावा.

या नोंदींना एकच अट आहे : त्या कामाचा पहिला सुरुंग उडण्यापूर्वीच्या असल्या पाहिजेत, आणि किमान तीन पावसाळ्यांच्या. झऱ्याचे पाणी आटल्यावर ते पूर्वी किती होते हे कोणालाही सिद्ध करता येत नाही. ना वाडीला, ना कंपनीला. मूळ वही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात राहावी आणि तिची प्रत दरवर्षी जूनपूर्वी त्या त्या ग्रामपंचायतीच्या दप्तरी जमा व्हावी.